कोकणातलं दुर्मीळ आडनाव: मूळ गाव आणि पसारा कसा शोधायचा

आडनावाला ‘कर’ लागतो तो गाव सोडल्यावर. आचऱ्यातच राहणाऱ्याला आचऱ्यातले लोक आचरेकर कशाला म्हणतील? तो मालवणात किंवा देवगडात बिऱ्हाड करतो, तेव्हा तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखू लागतात. कोकणातल्या आडनावांचा शोध घेताना ही एक गोष्ट सतत डोक्यात ठेवावी लागते. ती विसरल्यामुळेच बहुतेक शोध पहिल्या आठवड्यात चुकीच्या गावी जाऊन थांबतात.

ज्याची घरं सगळी मिळून दोन-तीनशेच्या आत आहेत, अशा आडनावासाठी ही पद्धत आहे. सावंत किंवा जाधव यांचा माग असा काढता येत नाही, कारण ती आडनावं अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलेली आहेत.

इंग्लंडमध्ये हे काम त्या मानाने सोपं आहे. तिथे १५३८ पासून चर्चच्या पुस्तकांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी आहेत, आणि १८८१ च्या जनगणनेत नावानिशी कोण कुठे राहत होतं ते कुणालाही पाहता येतं. दुर्मीळ आडनाव नकाशावर मांडलं की बऱ्याचदा एकाच परगण्यात गठ्ठा दिसतो. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरच्या नोंदी गोपनीय ठेवल्या आहेत, म्हणून तो गठ्ठा आपल्याला दुसऱ्या कागदांतून उभा करावा लागतो.

आधी आडनावाची सगळी रूपं लिहून काढा

ळ आणि ल, ण आणि न, श आणि स, ब आणि व, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार असलेला आणि नसलेला, अशी प्रत्येक जोडी उलटून पाहा. मोडी कागदांत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो आणि अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो, त्यामुळे नंतर देवनागरीत उतरवणाऱ्याने आपल्या अंदाजाने लिहिलेलं असतं. इंग्रजी स्पेलिंगवरून पुन्हा मराठीत आलेली नावं तर फारच बिघडतात. गोळे आणि गोले इंग्रजीत एकच, आणि मराठीत परत येताना ळ हमखास हरवतो. संगणकावर शोधताना ‘ऱ्ह’ किंवा ‘ऱ्य’ असलेलं आडनाव दोन्ही प्रकारे टाइप करून पाहा. ते दिसायला सारखं असलं, तरी आतले संकेत वेगळे असल्यामुळे एका प्रकाराने टाइप केलेलं दुसऱ्या प्रकाराने सापडत नाही.

जोडआडनावांकडे लक्ष द्या. प्रभुखानोलकर, प्रभुआजगावकर, प्रभुतेंडोलकर अशा घराण्यांत काही शाखांनी पुढचा भाग टाकला, काहींनी मागचा. आजचा खानोलकर जुन्या कागदात नुसता ‘प्रभू’ म्हणून बसलेला असू शकतो. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत तर प्रभूचं ‘पोरोब’, कामतचं ‘कामोतीं’ आणि शेणवीचं ‘सिनाय’ होतं, आणि ‘श’ च्या जागी त्यांचं एक्स अक्षर येतं. ही रूपं यादीत नसतील तर पणजीच्या पुराभिलेखागारात हाती काहीच लागणार नाही.

‘कर’ काढा आणि गाव उलटं बांधा

नियम थोडे आहेत. आकारान्त गावाचा बहुतेक वेळा एकार होतो: आचरा–आचरेकर, वेंगुर्ला–वेंगुर्लेकर. एकारान्त तसंच राहतं: पेडणे–पेडणेकर, हर्णे–हर्णेकर. ईकारान्ताची ई गळते: मंगेशी–मंगेशकर, तेंडोली–तेंडोलकर, आणि पुढे बोलण्यात तेंडुलकर. पण शिरोड्याचा शिरोडकर होतो, म्हणजे आकारही गळू शकतो. म्हणून कर काढल्यावर जे उरतं त्याला काहीही न लावता, मग आ, ए, ई आणि ओ लावून पाच उमेदवार तयार करा, आणि जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या गावांच्या यादीत पाचही शोधा.

इथे दोन अडचणी येतात. पहिली, एकाच नावाची अनेक गावं. शिरोडा वेंगुर्ला तालुक्यात आहे आणि गोव्यात फोंड्याजवळही. केळशी दापोलीत आहे आणि गोव्यात मुरगाव भागातही. मुरुड दापोलीचं वेगळं, जंजिऱ्याचं वेगळं. वेळास बाणकोटजवळ मंडणगड तालुक्यात आहे, आणि सावित्रीच्या खाडीपलीकडे श्रीवर्धन तालुक्यातही. जुन्या कागदात गावाच्या नावापुढचं ‘तर्फ’ (जुना महसुली विभाग) किंवा ‘बुद्रुक–खुर्द’ गाळून नोंद उतरवू नका, कारण पुढे गाव ओळखायला तेवढाच आधार असतो.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. आडनाव महसुली गावावरून न पडता वाडीवरून पडलेलं असतं, आणि वाड्या जनगणनेच्या यादीत नसतात. उमेदवार सापडला नाही की सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे घ्या. त्यांत वाड्यांची नावं असतात. त्यातही नसेल तर तलाठ्याला किंवा गावच्या म्हाताऱ्यांना शेतांची, पाणंदीची, मळ्यांची स्थानिक नावं विचारा. १८८० सालचा रत्नागिरी–सावंतवाडी गॅझेटियरचा खंड आणि १८८३ चा कुलाबा–जंजिऱ्याचा खंड जुनी बंदरं आणि पेठा ओळखायला उपयोगी पडतात.

‘कर’ नसलेलं आडनाव हुद्द्याचं असेल (पोतनीस, सबनीस, खोत), तर गाव शोधण्याऐवजी तो हुद्दा कोणत्या महालात (जुन्या कारभारी विभागात) होता ते शोधावं लागतं. नाना फडणवीसांचं घराणं भानू, बाणकोटजवळच्या वेळासचं. फडणवीस हे नाव दरबारी कामावरून आलं. पेशवे हाही हुद्दाच, ते मूळचे श्रीवर्धनचे भट.

आता घरं मोजा

तीन साधनं लागतात, आणि तिन्हींचे दोष वेगळे आहेत म्हणून तिन्ही वापरावीत.

ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी, म्हणजे नमुना ८, ज्याला लोक नुसतं असेसमेंट म्हणतात. यात वाडीवार प्रत्येक घराचा मालक असतो, आणि चाकरमान्यांची कुलूपबंद घरंही सुटत नाहीत. घरं मोजायला यापेक्षा चांगलं साधन नाही.

मतदार यादी. केंद्रवार यादी निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळते. यात माणसं मोजू नका, घर क्रमांक मोजा. मुंबईत नाव नोंदवलेले लोक गावच्या यादीत नसतील हे धरून चला.

सातबारा. महाभूलेख या राज्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावानेही शोधता येतं. गाव गाव करत जावं लागतं, तालुका एकदम होत नाही. रोज एक-दोन तास बसलात तर सवय होते. सातबाऱ्यावर मयतांची नावं वर्षानुवर्षं राहतात आणि एका हिश्शाला चाळीस-चाळीस सहहिस्सेदार असतात, त्यामुळे घरांच्या मोजणीला तो कुचकामी. पण गाव सोडून गेलेला माणूसही त्यात दिसतो, हे त्याचं मोठं मोल. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती अशी कुटुंबं मात्र यात सुटतात. मच्छीमारांची वस्ती किंवा बौद्धवाडी यांचं चित्र सातबाऱ्यावरून काढलंत तर चुकीचं निघेल.

नोंदीच्या तक्त्यात इतके रकाने ठेवा: गाव, वाडी, तालुका, आडनावाचं तिथलं रूप, घरं, समाज, गोत्र किंवा देवक, कुलदैवत, आधीचं गाव (सांगतात ते), कागद व त्याची तारीख. मग प्रत्येक गावाच्या एकूण घरसंख्येवरून हजारी प्रमाण काढा. घरसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळते. समजा एका गावात २५० पैकी २० घरं तुमच्या आडनावाची आहेत, तर प्रमाण हजारी ८०. चिपळूण शहरात ३५ घरं असली तरी प्रमाण हजारी दोन-तीनच्या आसपास. नुसते आकडे नकाशावर टाकले की मुंबई, ठाणे आणि तालुक्याची ठिकाणं फुगून दिसतात आणि मूळ गाव त्यांच्याखाली दबून जातं.

नकाशा वाचणे

जुन्या ‘कर’ आडनावाचा नकाशा बहुधा मधोमध रिकामा असतो. मूळ गावात त्या आडनावाचं एकही घर नाही आणि भोवतीच्या पाच-दहा गावांत घरं आहेत, असं दिसलं तर शोध योग्य दिशेने चालला आहे. उलट खुद्द त्याच नावाच्या गावात ते आडनाव दाटीने असेल, तर थांबून विचार करा. एक शक्यता अशी की आडनाव त्या गावाचं नसून शेजारच्या वाडीचं किंवा दुसऱ्या तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावाचं आहे. दुसरी अशी की ते गिरणीत, पलटणीत किंवा शाळेत नाव घालताना गेल्या शंभर-दीडशे वर्षांत पडलं आणि तेच गावी परत आलं.

पसरण्याची दिशाही बघा. दर्यावर्दी आणि मच्छीमार समाजांची घरं किनाऱ्याने सरकतात: गाबितांचा माग मालवणवरून गोवा आणि थेट कारवारपर्यंत जातो. कारवारचा उत्तर कानडा जिल्हा १८६२ ते १९५६ मुंबईच्या कारभारात होता, म्हणून तिकडची दप्तरं मुंबईतही बघावीत. शेतकरी आणि वतनदार घराणी खाडीने वर सरकतात किंवा आंबा, फोंडा, आंबोली असे घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे जातात. खाडीच्या दोन्ही काठांची गावं एकाच नजरेत घ्या. तालुक्याची हद्द खाडीतून जाते, पण सोयरीक आणि होडी ती हद्द मानत नाहीत.

एक आडनाव, किती घराणी?

हा टप्पा गाळू नका. कुलदैवत, गोत्र किंवा देवक, आणि समाज हे तिन्ही जुळत नसेल तर आडनाव एक असूनही घराणी वेगळी आहेत, आणि त्यांचे नकाशे वेगळे काढावे लागतात. पारकर हिंदूही आहेत आणि मुसलमानही. किहीम, रोहे, पेण, चौल, दिवे आगर यांवरून पडलेली केहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावं बेने इस्राएलांतही, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतही, आहेत. त्यांची मूळ गावं जवळजवळ सगळी आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत, त्यामुळे त्यांचा शोध लवकर लागतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतली फर्नांडिस, डिसोझा, लोबो ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली, त्यांवरून गाव निघत नाही; तिथे चर्चची पुस्तकंच बघायची.

कुलदैवताचा पत्ता लिहिताना आजची जागा आणि जुनी जागा दोन्ही लिहा. गोव्यात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा तिथल्याच केळशीहून कवळ्याला सोळाव्या शतकात हलवली गेली. कुलदैवत कवळ्याला आहे एवढ्यावरून घराणं कवळ्याचं ठरत नाही.

ग्रामदैवताच्या देवळातला मान हा कागदाइतकाच बोलका पुरावा असतो. पालखीला, शिमग्याला, जत्रेला कोणाचा कितवा मान हे विचारा. सिंधुदुर्गात गावऱ्हाटीत (गावच्या देवस्थानाच्या रीतीत) बारा-पाचांत, म्हणजे मानकऱ्यांत, ज्यांचं नाव आहे ते जुने. ज्यांना मान नाही ते नंतर आले असण्याची शक्यता मोठी.

कागदांतून मागे जाणे

आजपासून मागे, एकेक पिढी करत जा. मधली पिढी ओलांडून उडी मारू नका. फेरफार नोंदी, मग हक्कनोंद, खोती गावांत बोटखत, रायगडकडे कडईपत्रक (दोन्ही खोती जमिनींच्या जुन्या नोंदी). जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, आणि मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. नकलेसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, आणि अर्जात गावाचं नाव, नोंदीचा प्रकार आणि अंदाजे वर्षं लिहा. ‘आमच्या घराण्याचे सर्व कागद’ असा अर्ज केलात तर शोध लागत नाही म्हणून परत येतो.

जुन्या नोंदींत आडनाव नसणं नेहमीचंच. ‘राघो बिन गोविंद’ एवढंच असतं: बिन किंवा वलद म्हणजे मुलगा, आणि बाईच्या नावापुढे कोम म्हणजे अमक्याची बायको. अशा वेळी आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची रीत कामी येते, आणि जमिनीचा सर्वे नंबर तर त्याहून जास्त. नाव बदलतं, पण वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीचा तुकडा त्याच घरात राहतो, म्हणून नंबर धरून मागे चला.

जिल्ह्यांची नावं सांभाळा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात मालवणही ‘जिल्हा रत्नागिरी’. रायगड त्याच वर्षापर्यंत कुलाबा होता, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. सावंतवाडी आणि जंजिरा १९४८ पर्यंत संस्थानं होती, त्यांचं दप्तर वेगळं. पेशवाईतलं मोडी दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत नाव शोधायला जाताना मूळ गाव माहीत हवं, कारण ते गावावरून वही काढतात. म्हणून तिकडे शेवटी जा. कुलवृत्तान्त (घराण्याचा इतिहास) छापलेला असेल तर घ्या, पण त्यातल्या अगदी जुन्या पिढ्यांना सनदेचा किंवा निवाड्याचा आधार दिलाय का ते तपासल्याशिवाय त्या वंशावळीत चढवू नका.

मध्येच आडनाव बदललं असण्याची शक्यता शेवटपर्यंत उघडी ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर, पुढे आंबेडकर. नुसता ‘कर’ काढून आंबेड शोधायला निघालेला माणूस कधीच आंबडव्याला पोचला नसता. दीनानाथ मंगेशकरांनी ते आडनाव मंगेशीवरून स्वतः घेतलं. अशा आडनावाचा नकाशा कितीही काळजीने काढला तरी तो एकाच पिढीपाशी संपतो, आणि खरा शोध आधीच्या आडनावाचा घ्यावा लागतो.

निष्कर्ष कसा लिहावा

उच्चाराचे नियम, नकाशा आणि देव किंवा कागद, या तिन्हींनी एकाच गावाकडे बोट दाखवलं तरच ‘मूळ गाव अमुक’ असं लिहा. दोन जुळले तर ‘बहुधा’, एकच असेल तर ‘एक शक्यता’, आणि उरलेल्या उमेदवार गावांची नावंही तिथेच ठेवा. प्रत्येक विधानाशेजारी गाव, तर्फ, सर्वे नंबर, फेरफार क्रमांक आणि वर्ष हवं, म्हणजे दुसऱ्या शाखेतला कोणी पुढे काम करायला घेईल तेव्हा त्याला तो कागद पुन्हा काढता येईल. यादी आणि नकाशा सगळ्यांसमोर ठेवताना जिवंत माणसांची नावं, घर क्रमांक आणि जन्मतारखा काढून टाका. गाव आणि घरांची संख्या एवढं पुरतं.