न्यू जर्सीत बसून टेक्सासात घर घेताय?

एडिसनला अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत आलो, तेही घर आधी घेऊन. पाहिलं कसं? फोनवर. एजंटबाई खोल्याखोल्यांतून फोन फिरवत होत्या आणि आम्ही इकडे जेवता जेवता "किचन परत दाखवा" म्हणत होतो. त्या पाऊण तासात जे कळलं नाही ते राहायला आल्यावर पहिल्याच रात्री ऐकू आलं. मालगाडी! रूळ अर्ध्या मैलावर आणि भोंगा रात्री दोनला. आम्हाला आता सवय झाली, पाहुणे मात्र अजून दचकून उठतात.

म्हणून स्वतः येणं जमत नसेल तर एजंटशिवाय आणखी कुणाला तरी पाठवा. मंडळाच्या ओळखीतून कुणीतरी निघतंच. त्यांना घरात पाठवायची फार गरज नाही, आतलं सगळं फोटोत असतं. संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर उभं राहायला सांगा. कुंपणापलीकडे काय आहे, रस्त्याचा आवाज किती येतो, शेजारची मोकळी जमीन कशासाठी राखलेली आहे (हे शहराच्या झोनिंगच्या नकाशात सापडतं), एवढं बघितलं तरी पुष्कळ.

संध्याकाळीच का, तर ऊन. आपल्या लोकांना पूर्वाभिमुख घर हवं असतं, आम्हालाही हवं होतं. पण दार पूर्वेला म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला, हे जर्सीत कधी जाणवलं नव्हतं. इथे जुलैत सूर्य साडेआठपर्यंत हलत नाही. चहा घेऊन मागे बसायची आमची स्वप्नं ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली जातात.

आता खरी गोष्ट: माती. डॅलसच्या या पट्ट्यात काळी चिकणमाती आहे. सोलापूर-विदर्भाकडच्यांना वेगळं सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथली घरं तळघराशिवाय, थेट काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात, त्यामुळे माती हलली की घर हलतं. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, घासणारी दारं, एका बाजूला उतरती जमीन ही त्याची लक्षणं. घर जुनं असेल तर नेहमीच्या इन्स्पेक्टरखेरीज स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळे पैसे देऊन दाखवा. आणि हो, उन्हाळ्यात इथे घरालाही पाणी घालतात. पायाभोवती झिरपणारा पाइप टाकून माती ओलसर ठेवायची. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

छताचं वयही विचारा. इथे गारा पडतात, आणि गारांच्या नुकसानीसाठी विम्यातली तुमच्या खिशातून जाणारी रक्कम बहुधा घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के असते.

कराराची रीत जर्सीपेक्षा निराळी आहे. तिकडे करार तपासायला वकिलाला कामाचे तीन दिवस मिळतात, इकडे बहुतेक व्यवहारांत वकील नसतोच; घराची मालकी तपासून व्यवहार पुरा करणारी टायटल कंपनी काम करते. तुमची ढाल म्हणजे 'ऑप्शन पीरियड'. थोडे पैसे देऊन ठरलेले काही दिवस विकत घ्यायचे. तेवढ्यात कुठल्याही कारणाने माघार घेतलीत तरी फक्त ते पैसे जातात, इसारा परत मिळतो. हे दिवस सुट्ट्या धरून मोजतात आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला संपतात. लांबून घेणाऱ्याने हे दिवस जास्त मागावेत आणि इन्स्पेक्टर आधीच ठरवून ठेवावा. बिल्डरकडून नवं घर घेताना मात्र करार बिल्डरचा असतो, त्यात ही सोय सहसा नसते. मॉडेल होममधली, म्हणजे बिल्डरच्या नमुना घरातली, गोड बोलणारी माणसं बिल्डरची, तुमची नव्हेत.

घर कितीला विकलं गेलं हे जाहीर करण्याची टेक्सासात सक्ती नाही. संकेतस्थळांवरच्या अंदाजी किमतींवर विसंबू नका. आजूबाजूच्या विक्रीचे आकडे एजंटकडून मागा.

"टेक्सासात इन्कम टॅक्स नाही" म्हणून सगळे खूश होऊन येतात. राज्याचा नाही, खरं आहे, पण ती कसर घरपट्टी काढते. या उपनगरांत साधारण दोन टक्के धरा, म्हणजे पाच लाख डॉलरच्या घराला वर्षाला दहा हजार. नव्या वसाहतींत पाणी-रस्त्यांसाठी मड किंवा पिड नावाचा वेगळा आकारही असू शकतो, तो आधी विचारा. नव्या घराची आणखी एक मेख अशी की आकारणी १ जानेवारीच्या स्थितीवर होते. त्या दिवशी नुसता प्लॉट होता तर पहिल्या वर्षी कर जमिनीपुरता. पुढच्या वर्षी अख्ख्या घराचा येतो आणि कर कर्जाच्या हप्त्यातच धरलेला असेल तर महिन्याचा हप्ता एकदम उडी मारतो. राहायला आल्यावर लायसन्सवर इथला पत्ता घाला आणि होमस्टेड सवलतीचा, म्हणजे स्वतःच्या राहत्या घरावरच्या करसवलतीचा, अर्ज करा. तो फुकट असतो. पैसे मागणारी पत्रं येतील, ती कचऱ्यात टाका.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज मे २०२५ पासून मिळत नाही, कन्व्हेन्शनल, म्हणजे अशी हमी नसलेलं, मिळतं. स्वतः राहण्यासाठी म्हणून कर्ज घेतलंत तर साधारण साठ दिवसांत राहायला यावं लागतं. आधी भाड्याने द्यायचा विचार असेल तर बँकेला तसं सांगूनच कर्ज घ्या. कंपनीचं बदलीचं पत्रही हाताशी ठेवा.

सह्यांसाठी विमान पकडायची गरज नाही. नोटरी घरी येतो, किंवा बँक आणि टायटल कंपनी दोघांची आधी मंजुरी घेऊन मुखत्यारपत्र चालतं. पैसे पाठवताना मात्र ईमेलमधल्या खाते क्रमांकावर विश्वास ठेवू नका. शेवटच्या दोन दिवसांत "खातं बदललंय" असा हुबेहूब ईमेल येतो आणि लोकांची आयुष्यभराची बचत जाते. टायटल कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करा आणि एकेक आकडा वाचून घ्या. पलीकडची बाई कंटाळली तर कंटाळू दे.