दोन विषयांत काम करणाऱ्या संशोधकाची निबंधसूची कशी वाचावी

इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी प्रबंधाचा विषय ठरवण्यापूर्वी एक काम आवर्जून सांगतो: ज्यांच्या कामाचा आधार घ्यायचा, त्या संशोधकाचे शोधनिबंध सनावळीने, जुन्यापासून नव्यापर्यंत वाचावेत. एखाद्या सूचीत निम्मे निबंध वार्धक्याच्या जीवशास्त्राचे आणि निम्मे शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्ग टाळण्याविषयीचे असले, की विद्यार्थी गोंधळतात. मला मात्र अशी सूची सर्वांत शिकवणारी वाटते.

आधी वार्धक्याची बाजू पाहू. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या संशोधकांनी दाखवून दिले, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या सामान्य मानवी पेशी ठरावीक वेळा विभागल्यानंतर थांबतात. अशा थकलेल्या पेशी मरत नाहीत, तर दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात, असे पुढे दिसून आले. वार्धक्याच्या ९ लक्षणांची २०१३ ची प्रसिद्ध यादी २०२३ मध्ये १२ वर गेली, तेव्हा त्यात दीर्घकालीन दाह आणि शरीरातील सूक्ष्मजीवसमूहाचा बिघडलेला तोल यांचीही भर पडली. शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे दोन्ही शब्द परके नाहीत. वृद्ध रुग्णाची जखम उशिरा का भरते आणि तिच्यात पू का होतो, हाच प्रश्न वार्धक्याच्या निबंधांत पेशीच्या बाजूने विचारलेला असतो.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे जखमेतील जंतुसंसर्गाचे निबंध वाचताना जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे जवळ ठेवावीत. प्रतिबंधक प्रतिजैविक चीर देण्यापूर्वीच्या १२० मिनिटांत द्यावे, केस वस्तऱ्याने काढू नयेत, शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी प्रतिजैविक लांबवू नये, या सूचना साध्या दिसतात. पण एखाद्या अभ्यासात त्या पाळल्या होत्या की नाही हे न पाहता निष्कर्षांची तुलना करणे व्यर्थ आहे.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक निबंधात शोधतो: रुग्णाचा पाठपुरावा किती दिवस झाला? जखमेच्या संसर्गाची गणना साधारणतः ३० दिवसांपर्यंत, तर कृत्रिम सांधा बसवण्यासारख्या काही शस्त्रक्रियांत ९० दिवसांपर्यंत करतात. महाविद्यालयाला जोडलेल्या आपल्या एम. वाय. रुग्णालयातून टाके कोरडे दिसताच धार, खरगोन किंवा देवासकडे परतलेला रुग्ण पुढे तिथल्याच डॉक्टरांकडे गेला, तर तो संसर्ग आपल्या नोंदीत येत नाही आणि आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून प्रबंधासाठी भरायच्या रुग्णाच्या नोंदपत्रकात रुग्णाच्या मुलाचा किंवा सुनेचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, आणि वयाच्या आकड्याबरोबरच मधुमेह, पोषण व अशक्तपणा यांचीही नोंद करावी. सत्तरीचे दोन रुग्ण जैविक दृष्ट्या एका वयाचे नसतात, हेच तर वार्धक्याचे संशोधन सांगते.

निबंधांची संख्या आणि एच-निर्देशांक (किती निबंधांना किमान तितकेच संदर्भ मिळाले, हे सांगणारा आकडा) यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. पेशीविज्ञान आणि शल्यचिकित्सा यांत संदर्भ देण्याचे प्रमाणच वेगळे असते, त्यामुळे दोन क्षेत्रांतील आकडे शेजारी मांडता येत नाहीत. त्याऐवजी लेखकांचा क्रम पाहावा, कारण जैववैद्यकीय निबंधांत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. उपचारांची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी तिची नोंदणी झाली होती का, तेही तपासावे.

स्वतःचा पहिला निबंध पाठवण्यापूर्वी ऑर्किडचा (ORCID, म्हणजे प्रत्येक संशोधकाला वेगळी ओळख देणारी व्यवस्था) १६ अंकी क्रमांक घ्यावा. जोशी, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे इतकी आहेत, की केवळ आद्याक्षरांवरून एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर सहज चढते.