पीएसएचं रक्त द्यायला येताना

औशाला मी 19 वर्षं लोकांचं रक्त काढतोय. पीएसए म्हणजे प्रोस्टेटची, पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, रक्त तपासणी; कॅन्सरची शंका त्यातून कळते. ती करायला येणारे बहुतेक मामा उपाशीपोटी येतात आणि पोराला सोबत आणतात. उपाशी यायची गरज नाही, चहा-भाकरी करून या. पोरगा सोबत असावा, पण मी विचारपूस करताना त्याला बाहेर बसवा. त्याच्यासमोर कुणी खरं सांगत नाही.

मी विचारतो, दोन दिवसांत बायकोजवळ गेला होता का? वीर्य गेलं की पीएसए थोडा चढू शकतो, म्हणून 48 तास थांबायचं. सायकलवर शेताला जात असाल तर तीही दोन दिवस बंद. लघवीला जळजळ होतेय, ताप आहे, किंवा नुकतीच नळी घातली होती, तर रक्त देऊच नका. आधी इलाज करा, मग सहा आठवड्यांनी या. सूज असताना आकडा फुगतो आणि घरात उगीच रडारड होते.

चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणाच. आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, पीएसए 2.6 आला होता. तो रिपोर्ट मीच हातात दिला आणि आम्ही निवांत झालो. ते वर्षभर प्रोस्टेटसाठी ड्युटास्टराइड घेत होते, हे मी विचारलंच नव्हतं. ड्युटास्टराइड, फिनास्टराइड सहाएक महिने घेतली की पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. लातूरच्या डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि आकडा दुप्पट धरला. पुढं एमआरआय, बायोप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणं) झाली आणि कॅन्सर निघाला. ग्रंथीच्या आतच होता म्हणून निभावलं. केस गळू नयेत म्हणून फिनास्टराइड घेत असाल तर तेही सांगा.

रिपोर्टवर 4 ची रेघ असते, पण पन्नाशीतला 3.8 आणि पंच्याहत्तरीतला 3.8 सारखा नाही. वयाबरोबर ग्रंथी वाढते. 4 ते 10 मधल्यांची बायोप्सी केली तर साधारण चौघांत एकाला कॅन्सर निघतो, बाकीच्यांना नुसती वाढ नाहीतर सूज. म्हणून जास्त आला की काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, मग युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरकडे जा.

ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करावी असं नाही. 55 ते 69 वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण काही कॅन्सर इतके संथ असतात की जन्मभर त्रास देत नाहीत, आणि इलाजानं मात्र लघवी गळणं, ताठरता जाणं मागं लागू शकतं. बापाला किंवा भावाला झाला असेल तर चाळीस-पंचेचाळिशीतच विचारा. सत्तरीनंतर त्रास नसेल तर सहसा लागत नाही. पण त्रास ओळखा. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी द्यायला उठणाऱ्याला आपण लघवीसाठी किती वेळा उठतो, ते कळतच नाही.

जुने रिपोर्ट जपून ठेवा. आकडा कसा चढत गेला, हे डॉक्टर बघतात. तात्या आता दर सहा महिन्यांनी येतात, पोराला बाहेर बसवतात आणि मी विचारायच्या आत गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवतात.