लॅटिन ग्रंथांतली विधानं मराठीत आणताना या चुका टाळा

टॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचा ग्रंथ ‘सुम्मा थिओलॉजिए’: पहिला भाग, प्रश्न २, कलम ३. सुरुवातच अशी: ‘विदेतुर क्वोद देउस नोन सित’, म्हणजे ‘देव नाही असं दिसतं’. हे टॉमसचं मत म्हणून उद्धृत केलं की घोटाळा झालाच. ‘विदेतुर क्वोद’ म्हणजे आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष, पुढे खोडण्यासाठी आधी मांडलेला आक्षेप. पुढचं ‘सेद कोन्त्रा’ विरुद्ध बाजूचं प्रमाणवचन देतं. या कलमात ते बायबलमधलं निर्गम ३:१४ आहे. टॉमसचं स्वतःचं म्हणणं ‘रेस्पोन्देओ’पासून सुरू होतं, आणि ‘आद प्रिमुम’पासून आक्षेपांना एकेक उत्तर. म्हणून वाक्य उचलण्याआधी मागे जाऊन ते यांपैकी कशाखाली आलंय ते बघा.

‘आस्सेर्तिओ’ला नुसतं ‘विधान’ म्हणणं ही दुसरी चूक. रोमन कायद्यात ‘आस्सेरेरे’ हे क्रियापद एखादा माणूस गुलाम नसून स्वतंत्र आहे असा दावा लावण्यासाठी वापरत, आणि ती झुंजार छटा शब्दात टिकली. १५२१मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने धर्मसुधारक ल्यूथरविरुद्ध चर्चच्या सात संस्कारांचं मंडन केलं, त्या ग्रंथाच्या नावातही ‘आस्सेर्तिओ’च आहे. आपल्याला असली ठाम प्रतिपादनं रुचत नाहीत, असं इरॅस्मस या विद्वानाने ल्यूथरशी वाद घालताना १५२४मध्ये लिहिलं. ल्यूथरने १५२५मध्ये उलटून सुनावलं: ती काढलीत तर ख्रिस्ती धर्मच काढलात! इथे ‘विधान’ लिहिलं तर वाचकाला भांडण कशावरून पेटलं तेच कळत नाही. ‘ठाम प्रतिपादन’ लिहा.

‘आफ्फिर्मातिओ’त मात्र हा ठामपणा नसतो. ते फक्त होकारार्थी विधान, ‘नेगातिओ’च्या उलट. ‘माणूस दगड आहे’ हीसुद्धा आफ्फिर्मातिओच, खोटी असली तरी.

‘प्रोपोसितिओ’साठी न्यायदर्शनातली ‘प्रतिज्ञा’ वापरायचा मोह होतो. पण प्रतिज्ञा म्हणजे जे सिद्ध करायचं ते. प्रोपोसितिओ म्हणजे खरं किंवा खोटं ठरू शकणारं कुठलंही विधान, आणि अनुमानात बहुधा आधारविधान.

‘सेन्तेन्तिआ’ म्हणजे मत. इंग्रजीच्या सवयीने ‘वाक्य’ लिहिलं की पीटर लोम्बार्डचे ‘सेन्तेन्तिए’ हे धर्मशास्त्रातल्या मतांचे चार खंड व्याकरणाचे वाटू लागतात. ‘सेन्तेन्तिआ प्रोबाबिलिस’मध्ये टक्केवारीतली शक्यता शोधू नका, ते सबळ कारणांमुळे ग्राह्य धरता येणारं मत.

वादात प्रतिपक्षाच्या विधानाला उत्तर देताना ‘कोन्केदो’ म्हणजे मान्य, ‘नेगो’ म्हणजे अमान्य. ‘त्रान्सेआत’ यांपैकी काहीच नाही: ‘तूर्त जाऊ दे, त्यावर अडत नाही’.