पायाची मिठी पाटावर सुटली

कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या करायला घेतल्या की २ वर्षांची लेक पायाला मिठी मारून रडायची. खेळणी देऊन पाहिली, उपयोग शून्य. तिला माझ्याजवळच यायचं होतं, हे कळायला मला वेळ लागला.

मग ओट्यापासून ४ फुटांवर पाट मांडला. लिंबाएवढा कणकेचा गोळा आणि छोटं पोळपाट-लाटणं दिलं. आता इवल्या बोटांनी ती गोळा दाबते, वर पीठ भुरभुरते आणि "आई, पोई!" म्हणून दाखवते. ती वेडीवाकडी पोळी तिच्यादेखत तव्यावर टाकतेच. त्याशिवाय तिचं समाधान होत नाही.

मंडईतून मटार आणले की शेंगा सोलायला तिच्याकडे. दाणे मात्र मी लगेच उचलते, तिच्या घशात अडकू शकतात. तव्याचा दांडाही कायम भिंतीकडे.