गेममधल्या कथेचा अभ्यास करताय? या चुका टाळा

गेममधल्या कथेवरचे बरेच निबंध सारांशातच अडकतात: नायक कोण, त्याचं काय हरवलं, शेवटी काय मिळालं. तो गेम नसून कादंबरी असती, तरी एवढं लिहिता आलंच असतं. खेळाडूच्या हातून काय घडलं आणि नियमांनी काय घडू दिलं, याची नोंदच झालेली नसते. गाडी तिथेच अडते.

न खेळता नुसते व्हिडिओ पाहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) घ्या. पुढे शेवट उघड होतोय. खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. कंट्रोलरची डावी स्टिक (चालवायची दांडी) आणि डावा ट्रिगर (कृतीचं बटण) थोरल्या भावाचे, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचे. धाकट्याला पाण्याची भीती, म्हणून तो थोरल्याच्या पाठीला धरून पाणी ओलांडतो. थोरला मरण पावल्यावर धाकटा एकटाच पाण्यापाशी येतो. त्याच्या स्वतःच्या बटणाने काम भागत नाही. मग इतका वेळ रिकामं पडलेलं डावं बोट थोरल्याच्या ट्रिगरवर जातं, आणि पोरगा पोहू लागतो. व्हिडिओत मात्र फक्त पाण्यात उतरलेला मुलगा दिसतो.

ज्या प्रसंगावर लिहिणार, तो स्वतः खेळलेला असलाच पाहिजे. व्हिडिओ नंतर, संवाद ताडून पाहायला वापरा. साध्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये दाबलेली बटणं येत नाहीत; ती पडद्यावर दाखवणारा ओव्हरले लावा, नाहीतर मोबाइल स्टँडवर ठेवून हातांचं चित्रीकरण करा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून पाच ओळी लिहा. दिवसाअखेरीस लिहायला बसलं की अडखळणं, वाट चुकणं, घाबरून मागे फिरणं हे सगळं विसरलेलं असतं.

कटसीन (मधेमधे नुसती पाहायची दृश्यं) आणि संवाद म्हणजेच कथा असं धरणं

'पेपर्स, प्लीज' (२०१३) मध्ये तुम्ही सीमेवरच्या चौकीत कागदपत्रं तपासता. नियमाप्रमाणे तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट मिळतात. त्यातून घरभाडं, जेवण आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च भागवायचा. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून पैसे कापले जातात. एक माणूस येतो, त्याचे कागद चोख. मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या, अशी विनवणी तो करतो. तिच्याकडे प्रवेश परवाना नसतो.

फक्त संवाद उतरवून घेतले तर 'दया की कर्तव्य' एवढंच हाती लागतं. पण त्या दिवशी तोवर एकही चूक झाली नसेल तर या दयेसाठी पैसे कापले जात नाहीत. दोन चुका आधीच झाल्या असतील तर तीच दया घरच्यांच्या खर्चातून जाते. प्रसंग एकच, पण दोन खेळाडूंच्या वाट्याला दोन वेगळ्या गोष्टी येतात. म्हणून प्रत्येक निर्णयाशेजारी त्या क्षणीचे आकडे लिहा: शिल्लक पैसे, झालेल्या चुका, दिवसाचा उरलेला वेळ.

एकदा खेळून 'निवडीला महत्त्व आहे' असं ठरवणं

निवड करण्याआधी वेगळा सेव्ह (खेळाची तिथवरची साठवलेली स्थिती) ठेवा, मग दोन्ही वाटा पुढच्या प्रकरणापर्यंत खेळा. पुष्कळदा वाटा फुटतात आणि थोड्याच वेळात पुन्हा एकत्र येतात. बदलतात ती दोन-चार वाक्यं. गेममध्ये आपोआप होणारा एकच सेव्ह (ऑटोसेव्ह) असेल तर गेम बंद करून सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. त्याआधी क्लाउड सिंक (सेव्ह इंटरनेटवरच्या प्रतीशी आपोआप जुळवणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर परत ठेवलेली जुनी फाइल क्लाउडवरच्या नव्या फाइलखाली गाडली जाते.

'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'चं लेबल कुठेही चिकटवणं

लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हणजे गेमचे नियम आणि त्याची कथा यांतली विसंगती. ही संज्ञा गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये 'बायोशॉक' या गेमबद्दल वापरली. त्यांचा मुद्दा नेमका होता. त्या गेमचे नियम खेळाडूला स्वतःचा स्वार्थ पाहण्याची मुभा देतात; कथा मात्र अ‍ॅटलस या पात्राला मदत करण्यावाचून दुसरी वाटच ठेवत नाही. हा शब्द वापरण्याआधी दोन वाक्यं लिहून पाहा: अमुक नियम हे करायला लावतो, कथा ते सांगते. दुसरं वाक्य जमत नसेल तर तुमची तक्रार बहुधा वेगळीच आहे.

घडलेला क्रम आणि सापडलेला क्रम यांत घोळ

'हर स्टोरी' (२०१५) मध्ये शब्द शोधून पोलिस चौकशीच्या चित्रफिती पाहायच्या असतात, आणि कितीही फिती जुळल्या तरी काळाच्या क्रमाने पहिल्या पाचच उघडतात. त्यामुळे आधी काय कळलं हे प्रत्येकाचं वेगळं. नोंदीत दोन रकाने करा: घटना केव्हा घडली, तुम्हाला केव्हा कळली. शोधलेले शब्दही क्रमाने लिहा. संशय कुठे आला आणि कुठे फिटला, ते त्या यादीतूनच दिसतं.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर गेमची आवृत्ती, मंच (पीसी, कन्सोल की मोबाइल), भाषा आणि काठिण्यपातळी लिहून ठेवा. अपडेटनंतर संवाद आणि आकडे बदलू शकतात; मग तुमचं निरीक्षण दुसऱ्याला पडताळता येत नाही.