ऊसगाडीच्या बैलांवरचा निबंध : लिहून झाल्यावर काय तपासाल

निबंध दोन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. 'निर्दयी', 'अमानुष' असे शब्द पानावर दोनापेक्षा जास्त निघाले तर वाचकाला बैल दिसत नाही, फक्त तुमचा राग दिसतो. त्याजागी जुवाखाली सोललेला खांदा आणि त्यावर बसलेल्या माश्या लिहा.

नियम नेमका द्या. ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसाला ९ तासांहून जास्त, सलग ५ तासांहून जास्त किंवा पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ बैल जुंपता येत नाही. प्राण्यांशी क्रूर वागणं रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला १० ते ५० रुपये! सगळ्यात बोचणारा मुद्दा हाच. तो शेवटी दडला असेल तर वर आणा.

गाडीवानाला खलनायक केलंय का? मजुरी टनावर मिळते, म्हणून गाडी जादा भरली जाते. हे सुटलं, तर ऊसपट्ट्यातला वाचक पुढे वाचणारच नाही.